काचेचं झाकण

अण्णाजीनं कुलूप काढलं, डब्याचं लाकडी झाकण उचलून बाजूला ठेवलं, आणि पेचकस तसाच त्याच्या हातात राहिला.

आत सगळं हिरवं होतं. विहिरीच्या दगडावर धरतं तसं ओलं हिरवं नव्हे. कोरडं, भुकटीसारखं, जरासं निळ्याकडे झुकणारं. डब्यात एका ओळीत आठ पितळी स्क्रू होते. प्रत्येक स्क्रूखाली पितळेची एक टिकली आणि टिकलीला झाळलेली तांब्याची तार. तार कुठं संपते आणि टिकली कुठं सुरू होते, ते आता कळत नव्हतं. त्यानं पेचकसाचं टोक पहिल्या तारेला नुसतं टेकवलं. वाळलेलं देठ गळावं तशी तार टिकलीपासून सुटली आणि डब्याच्या तळाशी थोडी हिरवी पूड सांडली.

"सापडलं काय हो, अण्णाजी?" गाडीच्या दारात उभ्या असलेल्या भैय्याजीनं विचारलं.

भैय्याजी हा गाडीचा नवा ड्रायव्हर. नवा म्हणजे दोन वर्षांचा. पण या दोन वर्षांत गाडी शेडबाहेर फारशी निघालीच नव्हती, म्हणून तो अजून नवाच होता.

अण्णाजीनं तार पुन्हा टिकलीवर टेकवून पाहिली.

"बाईसाहेबाचा पंखा फिरून नाई राह्यला, अन् मालक इचारते मले. मी म्हटलं, मालक, चाकं फिरवाचं काम माह्यं. पंखा फिरवाचं अण्णाजीचं."

"भैय्याजी, बॅटरीची तार तेवढी सोडून दे. अन् मंग चहा पिऊन ये."

"म्हंजे मी इथं नको."

"नको."

भैय्याजीनं तार सोडली आणि तो हसत निघून गेला.

हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात टिनाच्या शेडखाली उभी असलेली ही गाडी गावात बंगलागाडी म्हणून ओळखली जाई. मुळात ती लष्कराची रुग्णगाडी. लढाई संपल्यावर लिलावात निघाली, तेव्हा कारखान्याचे मालक प्रभाकरराव यांनी ती घेतली आणि आतून पार बदलून टाकली. दोन सागवानी बिछाने, त्यांच्याखाली कपाटं, पाण्याची टाकी, स्टोव्ह ठेवायला कट्टा, चार दिवे आणि एक लहानसा पंखा. प्रभाकररावांच्या पत्नी सुमित्राबाई यांना दमा होता. कापसाच्या हंगामात आवारातल्या हवेत रुवा तरंगायचा आणि होळीपर्यंत त्यांची छाती भरून यायची. म्हणून चैत्र लागला की बंगलागाडी पचमढीला जायची आणि डोंगरावर झाडाखाली महिनाभर उभी राहायची. परक्या अंथरुणावर बाईंना झोप येत नसे. या गाडीत येई.

गाडीतली वीज अण्णाजीची. तो जातीचा कासार. चौदाव्या वर्षापासून बापाच्या दुकानात भांड्यांना कल्हई करत आलेला. कारखान्यात डायनामो आला तेव्हा तारा जोडायला झाळकाम येणारा माणूस हवा होता. अण्णाजी आला तो वायरमन होऊन इथंच राहिला. त्याचं काम दिसायला देखणं असे. कारखान्यात एखादी गोष्ट पक्की आहे असं सांगायचं झालं, तर फिटरसुद्धा म्हणत, अण्णाजीचा सांधा आहे. बंगलागाडीचा डबा केला तेव्हा त्यानं सुताराकडून झाकणाला काच बसवून घेतली होती. गाडी पाहायला पाहुणे येत, प्रभाकरराव त्यांना बिछाने दाखवत, टाकी दाखवत आणि शेवटी ड्रायव्हरच्या सीटमागचा हा डबा. आठ सांधे चांदीसारखे चमकत असत. अण्णाजी अशा वेळी शेजारी उभा राहून जमिनीकडे बघे.

आता त्यानं एकेक तार तपासली. आठांतल्या पाच हातात आल्या. उरलेल्या तीन लागून होत्या, पण बोट लावलं की हलत होत्या. दोन वर्षं डबा बंद होता, ओल धरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण लाकूड खणखणीत कोरडं होतं.

मग त्याला बाईंच्या उशाशी असलेला दिवा आठवला.

तो दिवा कधीच गेला नव्हता. डब्यातले आठही स्क्रू भरून झाल्यावर बाईंनी वाचायला म्हणून आणखी एक दिवा मागितला होता, तेव्हा त्याची तार डब्यातून न नेता सरळ बॅटरीकडून आणावी लागली होती. बाई म्हणत, उशाशी केळझरच्या गणपतीची तसबीर आहे, तो दिवा त्याचा आहे. अण्णाजीनं बिछान्यावर गुडघा टेकवला, तसबीर उतरवून ठेवली, दिव्यामागची लाकडी पट्टी काढली. सांध्यावरची चिकटपट्टी त्यानं नखानं उकलली.

सांधा लखलखीत होता. काल केल्यासारखा.

त्यानं तो बराच वेळ पाहिला. त्या दिवशी काय झालं होतं ते त्याला नीट आठवत होतं, कारण त्या सांध्याची त्याला लाज वाटली होती. त्याच्या डबीतला नवसागर संपला होता. बाजार बंद. पट्ट्यावरच्या माणसानं त्याला खडाभर राळ दिली होती, मशिनीचा पट्टा घसरू नये म्हणून त्यावर टाकतात ती. अण्णाजीनं तेवढ्यापुरती ती वापरली. झाळ धरली, पण सांधा पिवळट, डागाळलेला दिसला. बरं झालं हा काचेखाली नाही, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

तो डब्याकडे परत आला. करंगळी ओली करून त्यानं हिरव्या पुडीला लावली आणि जिभेच्या टोकाला टेकवून लगेच थुंकला. तिखट, खारट. लहानपणापासून ओळखीची चव. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उसळतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या धुरातून कथील आरशासारखं पसरत जातं. बापानं त्याला हेच शिकवलं होतं: नवसागराशिवाय कथील धरत नाही. ते खरंच होतं. पण भांडं नंतर धुतलं जातं, राखेनं घासलं जातं, रोज वापरलं जातं. तार कोणी धूत नाही. तिच्यावर राहिलेला नवसागर हवेतली ओल ओढत बसून राहतो आणि तांबं खात राहतो.

बापाची भांड्यांची रीत त्यानं तारेला लावली होती, एवढीच गोष्ट. अण्णाजी सीटच्या कडेवर बसला. एवढीच गोष्ट असती, तर त्यानं आठही सांधे राळेनं पुन्हा केले असते आणि संध्याकाळी घरी गेला असता.

पण या गाडीवर भैय्याजीच्या आधी जंगलू ड्रायव्हर होता.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात गाडी पचमढीला निघाली ती उशिरा. जामच्या अलीकडे दिवेलागण झाली, आणि वळणावर समोरचे दोन्ही दिवे एकदम गेले. गाडी रस्ता सोडून नालीत उतरली. जंगलूनं ती उलटू दिली नाही, पण सुमित्राबाईंचं उजवं मनगट मोडलं. नालीतल्या त्या गाडीत एकच दिवा जळत होता म्हणे, बाईंच्या उशाशी असलेला.

दुसऱ्या दिवशी याच शेडखाली प्रभाकररावांनी अण्णाजीला बोलावलं. त्यानं फळ्या उचलून पाहिलं, तर समोरच्या दिव्यांची तार तळाखालच्या सांध्यात, चिकटपट्टीच्या आत तुटलेली होती. बाई जंगलूकडे बोट करून म्हणाल्या, मी पाहिलंय याला, रोज सकाळी डब्यात हात घालून असतो. प्रभाकररावांनी अण्णाजीकडे वळून विचारलं, तुमचा सांधा आपोआप तुटेल का? अण्णाजी म्हणाला, ओढल्याशिवाय नाई तुटणार, मालक.

एवढंच. आणि ते त्याला खरं वाटत होतं.

जंगलू त्याच दुपारी गेला. डब्यात पुन्हा कोणी हात घालू नये म्हणून काचेचं झाकण काढून लाकडी बसवावं, कुलूप लावावं, किल्ली बाईंजवळ असावी, हेही अण्णाजीनंच सुचवलं होतं. पुढं जंगलूला कोणी गाडीवर ठेवलं नाही. हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत ड्रायव्हर लोकांत ते पसरलं होतं, तारा तोडणारा माणूस म्हणून. तो आता जामला रस्त्याच्या कडेला पंक्चर काढतो असं अण्णाजीनं ऐकलं होतं. सर्व्हिस मोटारीनं नागपूरला जाताना जाम आलं की तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघे. का, ते त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आनंदाबाईनं ताट वाढलं आणि ती नवऱ्याच्या समोर बसली. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"भाजी अळणी झाली काय?"

"नाई."

"मंग?"

त्यानं सांगितलं. नवसागर, राळ, उशाशी असलेला दिवा, सगळं. आनंदाबाई कासाराच्याच घरची. तिला फार समजावावं लागलं नाही. तिनं पदरानं हात पुसले.

"आता काऊन उकरता? सांधे नवे करून टाका. कोणाले कळते?"

"मले कळते न."

"तुमाले कळलं त तुमी गप ऱ्हा. वीस-बावीस वर्सं झाले, कोणी तुमाले अर्धा शब्द बोललं नाई. अन् मालकिणीचा हात मोडला, तो काय आता सरका होणार हाये?"

"जंगलूचं नाव गेलं, आनंदा."

"अन् तुमचं जाईन, ते?"

अण्णाजीनं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला. ती खरं बोलत होती. तोही दिवसभर तेच बोलत होता, फक्त मनात.

सकाळी तो मालकांच्या खोलीत गेला. तीन वाक्यं त्यानं रस्त्यानं जुळवून ठेवली होती. पहिलं सांध्यांचं, दुसरं नवसागराचं, तिसरं जंगलूचं. प्रभाकररावांपाशी कापसाचा एक दलाल बसला होता.

"या अण्णाजी. निघेल ना गाडी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"निघन, मालक. पण सांधे सगळे सडले."

"मग नवे करा."

"मीच चुकलो होतो. पह्यलेच. नवसागर लावाले नोको होता, तो तारेले खाते."

"अहो, लोखंडाला गंज चढतो, तांब्याला हिरवं चढतं," प्रभाकरराव म्हणाले. ते चांगले मनुष्य होते आणि नोकराला कमीपणा वाटू नये याची त्यांना काळजी असे. "त्यात तुमची काय चूक?" मग दलालाकडे वळून म्हणाले, "हे आमचे अण्णाजी. यांचा सांधा म्हणजे सांधा."

दलालानं मान डोलावली. अण्णाजीनंही डोलावली, आणि तो बाहेर आला. तिसरं वाक्य तोंडातच होतं.

तिसऱ्या दिवशी तो जामला गेला. मोटार थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. तिठ्यावर दोन हॉटेलं, पानाचा एक ठेला, आणि नागपूरच्या अंगाला कडूलिंबाखाली तट्ट्याचं एक छप्पर. छपराला जुन्या ट्युबा टांगलेल्या. समोर लोखंडी पिंप आडवं कापून केलेलं पाण्याचं टाकं. जंगलू टाक्याशी उकिडवा बसून हवा भरलेली ट्युब पाण्यात बुडवून फिरवत होता. शेजारी त्याची बायको रामबाई टोपलीत फुटाणे घेऊन बसली होती.

"या, अण्णाजी," वर न बघताच जंगलू म्हणाला. मोटारीतून उतरताना त्यानं पाहिलं असावं. तो रामबाईला त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलला. तिनं उठून तांब्याभर पाणी आणलं, खोकं उलटं करून बसायला दिलं, आणि पुन्हा टोपलीशी जाऊन बसली. अण्णाजीकडे तिनं पाहिलं नाही.

अण्णाजीनं पाणी पिऊन घेतलं.

"मी परवा डब्बा खोलला," अण्णाजी म्हणाला.

"हिरवा झाला असन."

अण्णाजीनं तांब्या खाली ठेवला. "तुले कसं माईत?"

"मले नाई माईत त कोणाले माईत? मीच घासत होतो न रोज." ट्युबमधून एक बुडबुडा आला. जंगलूनं त्या जागेवर अंगठा दाबला, ट्युब बाहेर काढली आणि खडूनं खूण केली. "दोन दिस नाई घासलं का तिसऱ्या दिशी हिरवं. पावसाळ्यात त रोजच."

"कायनं घासे?"

"दातनानं." त्यानं वर कडूलिंबाकडे हनुवटी केली. "अगुदर माह्ये दात, मंग ते धुऊन तुमचे सांधे. अन् वरतून ग्रीसचं बोट. खालचा सांधा तेवढा फळीखाली होता, पट्टी गुंडाळलेला. तथी हात नाई पोचे. तोच गेला."

रामबाई हसल्यासारखी झाली, पण ते हसू नव्हतं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं रे?"

जंगलूनं ट्युब मांडीवर घेतली आणि खुणेभोवती कानस फिरवायला लागला. "तुमी काच लावली होती. पाव्हणे येत, मालक त्याईले दाखोवे. तुमी बाजूले उभे राहे, खाली पाहत. म्हटलं, माणूस खुश हाये, राहू दे. दातन त मले रोज लागतेच."

बाजूनं एक ट्रक गेला. जंगलूनं ट्युबवर बसलेली धूळ फुंकली.

"अन् त्या दिशी? मालकानं तुले इचारलं तवा त सांगाचं."

"सांगतलं न."

"काय?"

"सांगतलं, का हात घालतो तो घासाले घालतो. मालक म्हणे, अण्णाजीचा सांधा घासा लागते काय रे?" जंगलू कानस फिरवत होता. "अन् तुमी हासले."

"मी?"

"लय नाई. असे." त्यानं नाकातून थोडी हवा सोडून दाखवली.

अण्णाजीला तो दिवस सगळा आठवत होता. तापलेलं टिन, बाईंच्या गळ्यातली झोळी आणि तिच्यातला पांढरा हात, उचललेल्या फळ्या, स्वतःचं ते एक वाक्य. जंगलू काही बोलला होता हे त्याला आठवत नव्हतं. तो खोक्यावर बसून टाक्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. मग आठवलं. आधी नाकातली ती हवा आठवली आणि मग तिच्याआधीचं जंगलूचं बोलणं.

"मी मालकाले सांगीन," तो म्हणाला.

"सांगा."

"तुले काय पाह्यजे, ते सांग."

"मले काय पाह्यजे? आता दुसऱ्याच्या गाडीवर बसाची इच्छा नाई राह्यली." जंगलूनं कानस बाजूला ठेवली, बोटानं ट्युब चाचपली. "गाडी इथूनच जाईन न पचमढीले? एकडाव थांबवजा. डब्बा पाहीन म्हणतो. नवा कसा केला तो."

अण्णाजीनं उरलेले दोन दिवस गाडीतच काढले. जुन्या टिकल्या काढून नव्या ठोकल्या. तारा सडलेल्या जागेच्या मागं वीतभर कापून टाकल्या, कारण हिरवं तारेच्या आतून वर चढलेलं होतं. राळ कुटून स्पिरिटात कालवली, सांध्याला काडीनं लावली, मग झाळ दिली. प्रत्येक सांधा पुसून पुन्हा पुसला. तळाखालच्या फळ्या उचलून तिथलाही सांधा केला. पंखा फिरला. सामानाच्या खोलीत कोळिष्टकांखाली काचेचं झाकण सापडलं. ते धुऊन त्यानं परत बसवलं. कुलपाची कडी त्याच्या चौकटीला लावली, कारण बाईंनी विचारलं, "कुलूप असेल ना?"

निघायच्या दिवशी पहाटेच गाडी आवारात आणली. प्रभाकरराव म्हणाले, "अण्णाजी, जामपर्यंत बरोबर चला. रस्त्यावर सगळं नीट चालतंय का पाहून घ्या आणि तिथून मोटारीनं परत या." अण्णाजी डब्याशेजारी खाली बसला. त्यानं त्यासाठीच काही कारण शोधून ठेवलं होतं. ते सांगावं लागलं नाही. वाटेत तीनदा त्याला वाटलं, आता बोलावं. पंखा फिरत होता, बाई डोळे मिटून पडल्या होत्या. बोलला नाही.

जाम आलं.

"भैय्याजी, थांबव जरा. चाकाची हवा पाहून घे."

"हवा त घरूनच..."

"थांबव म्हटलं न."

गाडी कडूलिंबाखाली थांबली. जंगलूनं टाक्यात हात धुतले, गमछ्याला पुसले आणि तो दारापाशी येऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"अरे, जंगलू," प्रभाकरराव म्हणाले. "इथं असतोस होय?" कालच भेटलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"जी, मालक."

"बाईसाहेब," अण्णाजी म्हणाला, "किल्ली द्या जरा."

सुमित्राबाईंनी जंगलूकडे पाहिलं, मग अण्णाजीकडे. कमरेचा जुडगा काढून त्यांनी डाव्या हातानं पुढं केला. त्यांचं उजवं मनगट सांधलं होतं, पण जरा वाकडं. अण्णाजीनं कुलूप काढलं, जुडगा बाईंना परत दिला, काच उचलली आणि तो सरकून बसला. जंगलूनं पायरीवर एक पाय ठेवला आणि आत वाकला.

त्यानं घाई केली नाही. एकेका सांध्यावरून बोट फिरवत गेला. पहिला, दुसरा, तिसरा. सहाव्यावर बोट थांबलं.

"अण्णाजी," तो म्हणाला, "हा ढिला हाये."

प्रभाकररावांच्या नाकातून हवा सुटली. "अण्णाजीचा सांधा ढिला?" ते हसून अण्णाजीकडे बघायला लागले.

अण्णाजीनं सकाळी आठही स्क्रू पिळले होते आणि मग दुसऱ्यांदा पिळले होते. सहावा त्याच्या चांगला लक्षात होता. त्याची खाच जराशी झिजलेली होती, म्हणून जोर लावावा लागला होता. हिंगणघाटपासून जामपर्यंतचा रस्ता काही चांगला नाही. धक्क्यानं स्क्रू सुटतोही. सुटत नाहीही. तो बसला होता तिथून त्याला जंगलूचं बोट दिसत होतं, बोटाखालचा स्क्रू दिसत नव्हता.

"ढिला हाये, मालक," तो म्हणाला.

प्रभाकररावांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"अन् मांगचे सगळे माह्याच हातानं सडले. नवसागर लावाची चूक माह्यी होती. हा रोज सकाळी घासे म्हणून दिवे लागत. तार कोणी ओढली नोती. सांधा आपल्याच मतानं तुटला, माह्या." त्यानं पेचकस उलटा धरला आणि मूठ जंगलूपुढं केली.

बाहेर भैय्याजी चाकावर लाथा मारून हवा पाहत होता, तो थांबला. प्रभाकररावांनी खिशातलं घड्याळ काढलं, उघडलं, त्यात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. "हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ऊन चढायच्या आत नागपूर गाठायला हवं."

सुमित्राबाई जंगलूच्या हाताकडे बघत होत्या. तो हात पूर्वीसारखाच डब्यात होता.

"रोज सकाळी," त्या हळूच म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही.

"जी, बाईसाहेब," जंगलू म्हणाला. "रोज."

त्यानं स्क्रूवर पेचकस टेकवला, मनगट वळवलं, आणि पेचकस परत दिला. काचेचं झाकण दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवलं. अण्णाजीनं कुलूप घेतलं.

"राहू द्या," सुमित्राबाई म्हणाल्या. "कुलूप नको."

बंगलागाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. तिची धूळ बसल्यावर रामबाईनं टोपलीवरचं फडकं झटकलं आणि मूठभर फुटाणे कागदावर घालून अण्णाजीपुढं ठेवले. हिंगणघाटची मोटार यायला अवकाश होता. तो खोक्यावर बसला. कुलूप अजून त्याच्या हातातच होतं.

सहावा स्क्रू खरंच ढिला होता का, हे त्याला विचारायचं होतं. जंगलू टाक्याशी बसून ट्रकच्या एका भल्यामोठ्या ट्युबशी झगडत होता; ती एका हातानं पाण्याखाली राहत नव्हती. अण्णाजीनं कुलूप खिशात घातलं.

"जंगलू," तो म्हणाला.

"धरा जरा तिकून," जंगलू म्हणाला.

अण्णाजीनं बाह्या सारल्या आणि दुसरी बाजू पाण्यात दाबून धरली. बुडबुडा कुठून येतो ते दोघंही बघत राहिले.